आधी किल्ली, मग माणूस

सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरला की माझा भाऊ एका रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. जेवून, थोडं आडवं होऊन, ऊन उतरलं की तिघांनी मिळून होम मैदानावर जायचं, हा रिवाज आई होती तेव्हापासूनचा. यंदा घरातून निघायला रात्रीचे आठ वाजले. कारण ताटावर बसल्या बसल्या माझ्या मुलानं सहज सांगितलं, "काल रात्री एकाला गिल्डमधून काढलं," आणि दादानं कडक भाकरी आमटीत कुस्करता कुस्करता हात थांबवून विचारलं, "ठराव केला होता का?"

दादा सहकार खात्यात लेखापरीक्षक होता. आयुष्यभर त्यानं सोसायट्यांची दप्तरं तपासली. मुलगा तेवीस वर्षांचा. दिवसा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं करतो आणि रात्री अल्बियन ऑनलाइन नावाचा खेळ खेळतो. मी इतिहास शिकवते. त्या दुपारी दोघांचं जे बोलणं झालं ते मी इथं मांडते आहे. मधे मधे मीही बोलले, कारण गप्प बसवेना.

"ठराव कसला, मामा? गेम आहे तो."

"गेम आहे हे कळलं. पण गिल्ड म्हणजे संस्थाच की. सभासद आहेत, पदाधिकारी आहेत. सामायिक मालमत्ता आहे का?"

"आहे. तिथंच तर भानगड झाली."

मग त्यानं समजावून सांगितलं. बर्लिनच्या एका कंपनीनं २०१७ मध्ये आणलेला हा खेळ २०२१ पासून फोनवरही खेळता येतो. त्यात तलवार, चिलखत, घोडा, सगळं खेळाडूंनीच गोळा केलेल्या मालातून बनतं. धोक्याच्या मुलखात मेलं की अंगावरचं सगळं जातं. म्हणून एकट्यानं निभत नाही, गिल्ड लागतं. एका गिल्डमध्ये तीनशेपर्यंत माणसं मावतात. याच्या गिल्डमध्ये सत्तरेक आहेत. पाचसहा सोलापूरचे, काही लातूर-हुबळीकडचे, एक मुलगी नागपूरची, दोघं इंडोनेशियातले. लोक रात्र रात्र खाणीत दगड फोडतात, कातडी सोलतात आणि तयार झालेला माल गिल्डच्या तिजोरीत टाकतात. लढाई ठरली की त्यातून ज्याला त्याला संच वाटायचे. कुणी काय ठेवलं आणि काय नेलं, याची नोंद खेळच ठेवतो.

"म्हणजे किर्द आहे," दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"आहे ना. त्या किर्दीतच दिसलं. रात्री एक चाळीसला एका पोरानं आठ संच काढले. लढाई नव्हती, काही नव्हतं. चाळीस जणांची तीन आठवड्यांची मेहनत. मी लगेच मेसेज टाकला, काय करतोयस? उत्तर नाही. दोन मिनिटं थांबलो आणि किक केलं. आम्ही जिथं बोलतो त्या डिस्कॉर्डवरूनही काढलं."

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटं पण जास्तच झाली, मामा."

दादानं हात धुतले आणि तो खुर्चीत नीट बसला. पुढचं बोलणं खात्यातल्या माणसाचं होतं, पण कोरडं नव्हतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्याचं कलम ३५ सभासद काढून टाकण्याबद्दलचं. त्याच कामासाठी बोलावलेली सर्वसाधारण सभा हवी. हजर असलेल्या, मताचा अधिकार असलेल्या सभासदांपैकी किमान तीन चतुर्थांश मतं हवीत. ज्याला काढायचं त्याला सभेपुढं आपलं म्हणणं मांडायची संधी दिली नसेल तर ठराव मुळातच अवैध. आणि इतकं सगळं करूनही निबंधकाची मंजुरी मिळेपर्यंत तो ठराव अंमलात येत नाही.

"एवढं कशाला?" मुलगा म्हणाला.

"तू कुंभारीला गेला आहेस ना? विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली तिथं, गोदूताई परुळेकरांच्या नावानं. २००६ साली पंतप्रधान येऊन गेले उद्घाटनाला. ती घरं सहकारी गृहनिर्माण संस्थेची. ज्या बाईनं जन्मभर दिवसाला हजार विड्या वळल्या, तिच्यासाठी सभासदत्व म्हणजे काय? डोक्यावरचं छप्पर. ते कुणा अध्यक्षाला रात्री एक चाळीसला बोटानं काढून टाकता आलं असतं तर? म्हणून कायद्यानं वाट मुद्दाम अवघड केली."

"बरोबर आहे. घराला लागू आहे. पण कुंभारीची बाई घर उचलून तर नेऊ शकत नाही ना? माझ्या तिजोरीतलं सगळं दोन मिनिटांत जातं. तुमच्या नोटिशीची मुदत किती दिवसांची असते? तोवर गिल्डच राहणार नाही."

आणि त्यानं २००९ ची गोष्ट सांगितली. ईव्ह ऑनलाइन हा आइसलंडच्या कंपनीचा अवकाशयुद्धाचा खेळ. त्यात बँड ऑफ ब्रदर्स नावाची त्या काळची सगळ्यात बलाढ्य आघाडी होती, हजारो खेळाडूंची. तिच्यातला एक संचालक आतून शत्रुपक्षाला, गूनस्वॉर्मला, फितूर झाला. त्याच्याकडे हक्क होते. त्यानं ते वापरले आणि आघाडीच विसर्जित करून टाकली. लढाई झाली नाही, वेढा पडला नाही. वर्षानुवर्षं जमवलेला मुलूख राखायला आघाडीच उरली नाही.

"एका माणसाला वेळेवर काढलं नाही म्हणून," मुलगा म्हणाला.

"एका माणसाकडे नको तेवढे हक्क ठेवले म्हणून," दादा म्हणाला.

मला हे उत्तर आवडलं, आणि मुलालाही ते लागलं असावं. तो काही क्षण फोन उलटासुलटा करत राहिला. दादानं तेवढ्यात विचारलं, "मला एक सांग. तुझ्या त्या गेममध्ये तिजोरीची किल्ली काढून घेता येते का? माणूस आत ठेवून?"

"येते. रँक खाली केली की तिजोरी बंद होते त्याला."

"किती वेळ लागतो?"

"दहा सेकंद."

"मग तू दहा सेकंदांचं काम सोडून जन्मठेप दिलीस. आमच्याकडे कॅशियरवर संशय आला तर पहिल्या तासात किल्ल्या काढून घेतात, सही थांबवतात. त्याला कुणी हरकत घेत नाही. त्याला नोटीस लागत नाही. पण त्या तासातच त्याला नोकरीवरून काढत नाहीत. किल्ली काढणं आणि माणूस काढणं ही दोन कामं आहेत. घाई पहिल्या कामाला असते."

माझ्या मते त्या दुपारचं सगळ्यात कामाचं वाक्य हेच होतं. आपण ज्याला तातडी म्हणतो ती जवळजवळ नेहमी वस्तूंची असते, पैशाची, किल्लीची, माहितीची. तिथं हात चालवावा. पण तेवढ्याच आवेगात माणसालाही बाहेर टाकलं की दोन्ही गोष्टी एकच वाटायला लागतात.

मुलगा मात्र इतक्यात हटणारा नव्हता, आणि पुढं त्यानं जे सांगितलं ते दादाच्या दप्तरात बसणारं नव्हतं.

"चोराचं ठीक आहे, मामा. चोराची किल्ली काढता येते. पण गेल्या वर्षीचं सांगू? ती नागपूरची मुलगी आहे ना, तिच्या आधी आणखी एक होती. तिला आमच्यातला एक जण रात्री-बेरात्री मेसेज करायचा. आधी साधे, मग घाण. तिनं आम्हाला स्क्रीनशॉट दाखवले. तेव्हा मी गिल्डमास्टर नव्हतो. जो होता तो म्हणाला, दोन्ही बाजू ऐकू, मीटिंग घेऊ. हा जुना माणूस, चांगला खेळतो, एकदम कसं काढायचं? दोन आठवडे बघू-बघू चाललं. व्हॉइस चॅनेलवर रोज तोही असायचा आणि तीही. एक दिवस तीच निघून गेली. काही बोलली नाही. आम्ही कुणाला काढलं नाही, मामा. पण गेलं कोण?"

दादा बोलला नाही. मीही नाही. बाहेर रस्त्यावर कुणीतरी पिपाणी वाजवत चाललं होतं, गड्ड्याच्या दिवसांत ती सगळ्या गावात वाजते.

इथं मी मुलाच्या बाजूची आहे आणि ते स्पष्ट सांगते. काढून टाकण्याचा निर्णय लांबवला की कुणीच बाहेर जात नाही, असं धरून आपण चालतो. बाहेर कुणीतरी जातंच. फक्त त्याचा ठराव होत नाही आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत येत नाही. ती मुलगी ज्या दिवशी गेली त्या दिवशी त्या गिल्डनं एका सभासदाला काढलंच होतं, सुनावणीविना.

ऑनलाइन जगात हा प्रश्न अगदी पहिल्यांदा गाजला तोही असाच. लॅम्डामू नावाचं एक जग होतं. चित्र नाही, सगळं लिहून चालायचं. पॅव्हेल कर्टिस या संशोधकानं १९९० मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत ते सुरू केलं होतं. १९९३ च्या वसंतात मिस्टर बंगल या नावानं वावरणाऱ्या एकानं दिवाणखान्यात सगळ्यांसमोर इतर पात्रांवर लैंगिक अत्याचाराची वर्णनं लादली. लिहिलेलीच, पण ज्या बाईच्या पात्रावर ती लादली गेली ती आपल्या घरी बसून रडली. लोक जमले, तासन्‌तास वाद झाला. निर्णय होईना, कारण निर्णय करायची रीतच नव्हती. शेवटी व्यवस्थापकांपैकी एकानं स्वतःच्या अधिकारात त्या पात्राला कायमचं पुसून टाकलं. कर्टिस त्या वेळी तिथं नव्हता. परत आल्यावर त्यानं अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली, म्हणजे पुढच्या वेळी एकट्यावर पाळी यायला नको. ज्युलियन डिबेल या पत्रकारानं त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या साप्ताहिकात हे सगळं लिहिलं. तो लेख आजही वाचला जातो. आणि तो पुसून टाकलेला माणूस काही दिवसांनी डॉक्टर जेस्ट या दुसऱ्या नावानं त्याच दारातून आत आला.

मी ही गोष्ट सांगितली तेव्हा मुलगा म्हणाला, "बघ. म्हणजे काढलं ते बरोबरच होतं."

"बरोबर होतं," मी म्हटलं. "अशा वेळी ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्याच क्षणी खोलीबाहेर करावं. बाईला त्याच्यासमोर बसवून सुनावणी घेऊ नये. पण बाहेर केल्यावर त्याला विचारावं, आणि काय ठरलं ते सगळ्यांना सांगावं."

"हे मला मान्य आहे," दादा सावकाश म्हणाला. "आमच्या काळात आम्ही असलं काही तक्रार म्हणूनच घेतलं नसतं. ते चूक होतं." मग जरा थांबून, "पण आता माझं ऐक. तू मला घाण मेसेज करणारा दाखवलास. मी तुला दुसरा माणूस दाखवतो."

त्यानं एका पतसंस्थेची हकिगत सांगितली. नाव घेतलं नाही, तालुकाही नाही. एक सभासद, शाळेतला शिपाई. दर वार्षिक सभेत उभा राहून एकच प्रश्न विचारायचा, बुडीत कर्जांची यादी वाचून दाखवा. तीन वर्षं विचारला. चौथ्या वर्षी सभेच्या विषयपत्रिकेत विषय आला, संस्थेच्या हिताला बाधा आणल्याबद्दल सदर सभासदास काढून टाकणे. हात वर झाले. तीन चतुर्थांश कसले, जवळजवळ सगळेच. माणसं वाईट नव्हती. त्यांना सभा लवकर संपवून जेवायला जायचं होतं.

"मग?"

"मग कागद मंजुरीसाठी वर गेला, आणि मंजुरी मिळाली नाही. म्हणून तो राहिला. म्हणून पुढं यादी निघाली. तुझ्या गिल्डमध्ये उद्या एखादा विचारेल की ऑफिसर लोकांनी तिजोरीतून काय काय नेलं ते दाखवा. त्याला किक करायला किती वेळ लागेल?"

"दहा सेकंद," मुलगा म्हणाला, आणि मान खाली घातली.

"आणि वर कागद कुठं जाईल?"

"कुठंच नाही. कंपनी यात पडत नाही. गिल्डमध्ये कोण राहणार हे गिल्डमास्टर ठरवतो. संपलं."

"मग मला सांग, त्या शिपायाचं काय?"

"तो दुसऱ्या गिल्डमध्ये जाईल, मामा. तुम्ही हेच विसरताय. एक सोडलं की शंभर गिल्डं आहेत. तुमच्या पतसंस्थेसारखं त्याचे पैसे अडकून नाहीत. आणि खरं सांगू? आमचं गिल्ड म्हणजे आधी मैत्री आहे. रात्री अकराला कारखान्यातून, कॉलेजातून थकून लोक येतात, दोन तास हसतात. मला ज्याच्याबरोबर बसायचं नाही त्याच्याबरोबर बस, असं कुठला निबंधक मला सांगणार? मैत्रीला पण कलम ३५?"

हा मुद्दा साधा नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर तो एकाच वर्षात, १९६२ मध्ये, दोनदा आला आणि दोन्ही खटले आपल्याच मुलखातले.

पहिला मुंबईचा. मुंबई प्रांतानं १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिलं. पाचपैकी चार न्यायमूर्तींनी तो कायदा रद्द ठरवला. धर्माच्या कारणावरून कुणाला समाजाबाहेर काढायचं हा त्या संप्रदायाचा स्वतःचा कारभार आहे, असं त्यांचं म्हणणं. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात होते. बहिष्कृत माणसाचं माणूसपण जातं, त्याला मशीद नाही, दफनभूमी नाही, तेव्हा हा कायदा राहायला हवा, असं त्यांनी लिहिलं.

दुसरा बेळगावचा. तिथं फ्रीमेसन मंडळींचं लॉज व्हिक्टोरिया होतं. मेसन म्हणजे गवंडी. मध्ययुगातल्या गवंड्यांच्या संघाचा वारसा सांगणारी ही मंडळी, त्यांच्या पायऱ्या, पदव्या, खुणा, विधी. खरं तर माझ्या मुलाच्या गिल्डच्या इतकं जवळचं दुसरं काही मला आपल्याकडे माहीत नाही. त्या लॉजनं दावर नावाच्या सभासदाला काढलं आणि वाद दिल्लीपर्यंत गेला. न्यायालयानं सांगितलं की क्लब किंवा लॉज यांना सभासद काढण्याचा अधिकार मिळतो तो सभासद होताना झालेल्या करारातून. म्हणून त्यांनी स्वतःचे नियम काटेकोर पाळले पाहिजेत, मनात खोट नसली पाहिजे, आरोप काय ते सांगितलं पाहिजे आणि उत्तर द्यायची संधी दिली पाहिजे. मात्र हे कोर्ट नव्हे, तेव्हा कोर्टाइतकी काटेकोर प्रक्रिया त्यांच्याकडून मागता येणार नाही. दावर हरले.

"म्हणजे मैत्रीच्या जागेतूनही काढता येतं," मुलगा म्हणाला.

"येतं. पण सांगून," मी म्हटलं.

दादाला वाळीत प्रकरणांची आठवण झाली. रायगडातली गावं, जातपंचायती, त्याविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं चालवलेली मोहीम, आणि त्यातून आलेला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. "तिथंही पंच हेच म्हणायचे, आमच्यात कोण राहणार ते आम्ही ठरवू."

"नाही मामा, ही तुलना नको," मुलगा पहिल्यांदाच जोरात बोलला. "वाळीत टाकलेल्या माणसाला दुकानदार मीठ देत नाही. मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही. पोरीचं लग्न होत नाही. त्याला जन्मानं त्यात टाकलंय आणि बाहेर जायला दुसरं गाव नाही. मी काढलेला पोरगा स्वतः आला होता आणि उद्या दुसरीकडे जाईल. या दोन गोष्टी एका वहीत लिहू नका."

तो बरोबर बोलत होता आणि दादानं ते लगेच मान्य केलं. मला त्यात एवढीच भर घालायची होती की बाहेर जायला दुसरं गाव आहे की नाही, हे आत बसलेल्याला ठरवता येत नाही. ज्यानं दोन वर्षं रोज रात्री त्याच सत्तर आवाजांबरोबर काढली, ज्याचे दुसरे मित्र नाहीत, ज्याचं गाव इतकं लहान की त्याला काय आवडतं ते घरात कुणाला कळत नाही, त्याच्यासाठी ते चॅनेल एका रात्रीत गप्प होणं म्हणजे किती, ते बाहेरून मोजता येत नाही. आणि सकाळी फोन उघडल्यावर कारण लिहिलेलंही नसतं. आपण यादीत नाही एवढंच दिसतं.

चहा झाला. मी कपाटातून याज्ञवल्क्यस्मृती काढली, कारण मला एक गोष्ट दोघांना दाखवायची होती. व्यापारी, कारागीर यांच्या श्रेणींबद्दल, म्हणजे तेव्हाच्या गिल्डांबद्दल, तिच्यात एक नियम आहे. गणाचं सामायिक द्रव्य जो चोरेल किंवा सगळ्यांनी मिळून केलेला करार जो मोडेल, त्याचं सर्वस्व काढून घ्यावं आणि त्याला देशाबाहेर घालवावं. या स्मृतीवरची सगळ्यात प्रसिद्ध टीका, मिताक्षरा, विज्ञानेश्वरानं लिहिली ती कल्याणात. नळदुर्ग, उमरगा ओलांडलं की येतं ते बसवकल्याण. तेव्हा ती चालुक्यांची राजधानी होती आणि आपलं सोलापूर त्याच मुलखात.

"घ्या मामा. तिजोरीतला चोर, सरळ देशाबाहेर," मुलगा म्हणाला. त्याला आनंद झाला होता.

"अगं, पण हे घालवायचं कुणी?" दादानं मला विचारलं.

"राजानं. श्रेणीचे स्वतःचे नियम असत आणि राजा ते मानत असे. पण सर्वस्व काढून देशाबाहेर घालवणं हे राजाचं काम."

"म्हणजे निबंधक तेव्हाही होता," दादा म्हणाला. मला हे इतकं सरळ वाटत नाही. राजा काही शिपायाची बाजू ऐकायला बसलेला नव्हता. पण ज्याचं द्रव्य गेलं त्यानंच रागाच्या भरात शेवटचा हात उचलू नये, एवढं त्या नियमात नक्कीच आहे.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्या शेजारचं एक गिल्ड आहे, दोस्तीतलं. त्यांचा एक ऑफिसर शांत डोक्याचा आहे. पक्कं काढायच्या आधी त्याला किर्द दाखवायची, असं करता येईल. त्यांची भानगड झाली तर मी बघायची. पण दिवसभरात निकाल लागला पाहिजे. आठवडे नाहीत."

"एक दिवस पुष्कळ झाला," दादा म्हणाला. "आम्हाला महिने लागायचे, त्यात काही मोठेपणा नव्हता."

तेव्हा मी विचारलं, "गिल्डमध्ये तू काय सांगितलंस, त्या पोराबद्दल?"

त्यानं फोन पुढं केला. घोषणांच्या जागी रात्री एक पंचेचाळीसला टाकलेली ओळ होती. पोराचं खेळातलं नाव, त्यापुढं "चोर. काढला. कुणी परत घेऊ नका, बाकीच्या गिल्डना पण कळवा." खाली तीसेक अंगठे.

"तो आहे कुठला?"

"अक्कलकोटकडचा आहे म्हणाला होता. बारावीला असेल. भेटलो नाही कधी."

"नंबर आहे?"

होता. मुलानं लिहायला सुरुवात केली, पुसलं, परत लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं नाही. नंतर त्यानंच दाखवलं, "रात्री आठ संच नेलेस. न विचारता काढलं मी. काय झालं होतं ते सांग." दोन टिका आल्या, निळ्या झाल्या. मग बराच वेळ काही नाही. दादा बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मी भांडी आवरायला घेतली. साडेसात वाजून गेले होते तेव्हा फोन वाजला.

मुलानं वाचून दाखवलं. "नेलं दादा. विकलं. फोनचा हप्ता थकला होता, त्यांचा माणूस घरी आला होता. तुमचा मेसेज बघितला पण बोलायची लाज वाटली."

कुणी काही बोललं नाही. मग मुलगा म्हणाला, "म्हणजे चोरच निघाला, मामा. मी काढलं ते चुकलं नव्हतं."

"चुकलं नव्हतंच," दादा म्हणाला. "पण रात्री तो तुझ्या हिशेबानं चोर होता. आता त्यानं स्वतः सांगितलं."

"परत घ्यायचं का त्याला?"

"मी असतो तर आत्ता नाही. चाळीस जणांची मेहनत आहे. त्यांचं काय?"

मुलगा मान हलवत होता. त्यानं घोषणा उघडली. "चोर" हा शब्द पुसला आणि त्या जागी काय झालं ते लिहिलं, आठ संच, तारीख, वेळ, त्यानं कबूल केलं हेही. हप्त्याचं लिहिलं नाही. "ते त्याच्या घरचं आहे," म्हणाला. "बाकीच्या गिल्डना कळवा" ही ओळही काढली. मग कर्सर तिथंच लुकलुकत राहिला.

"परत अर्ज कधी करू शकतो, ते लिहायचं का?"

"लिही की. कलम ३५ मध्ये एक वर्ष आहे. काढलेल्या सभासदाला वर्षभर परत घेता येत नाही."

"एक वर्ष? गेममध्ये एक वर्ष म्हणजे जन्म झाला, मामा. पुढच्या वर्षी हे गिल्ड असेल का तेच माहीत नाही."

"मग सहा महिने."

"तीन. आणि आठ संचांचा माल त्यानं भरून दिला तर."

"सगळा नको. अर्धा. खाणीत बसून करील तो."

मुलानं तसं लिहिलं, एकदा मोठ्यानं वाचलं आणि पाठवायच्या बटणावर अंगठा नेला.

"थांब," दादा म्हणाला. "तीन महिने कधीपासून? तारीख टाक खाली."